नखांवर आडवी खाच, आणि नखं वाढतात तरी कशी?

ओली_माती (धागाकर्ती)

गणपतीच्या तोंडावर डेंगीने चांगलीच आडवी झाले होते. ताप उतरेना, प्लेटलेट घसरलेल्या, सलाइन, पपईच्या पानांचा रस, सगळं साग्रसंगीत झालं. त्याला आता तीन महिने होत आले. तब्येत ठणठणीत आहे, केस गळताहेत पण त्याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. नखांचं मात्र कोणी काही बोललं नव्हतं.

परवा भांडी घासताना लक्षात आलं की दोन्ही हातांच्या सगळ्या नखांवर एकेक आडवी खाच आहे. मुळापाशी नाही, टोकालाही नाही, मधेच. अंगठ्यावरची सगळ्यात खोल. दुसऱ्या हाताचं नख तिच्यावरून फिरवलं तर चक्क अडकतं. खाचेच्या अलीकडचं आणि पलीकडचं नख एकदम गुळगुळीत.

शेजारच्या काकू म्हणाल्या कॅल्शियम कमी झालंय. मेडिकलवाल्याने न विचारताच बायोटिन या जीवनसत्त्वाची बाटली काढून काउंटरवर ठेवली. घरच्यांचं मत असं की नेलकटर बदल. म्हटलं इथे विचारावं.

हे नक्की काय आहे? आपोआप जातं का? आणि एक शाळकरी शंका: नख जर मेलेलं असतं (कापताना दुखत नाही म्हणजे मेलेलंच ना), तर ते वाढतं कसं?

पाटीपेन्सिल

पट्टी घ्या आणि मोजा. नखाच्या मागच्या कातडीपासून खाचेपर्यंत किती मिलिमीटर? प्रत्येक बोटाचं वेगळं सांगा. मग बोलू.

ओली_माती

मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. अंगठा सहा, मधलं बोट सातच्या आसपास, करंगळी जेमतेम पाच. हे काय, ज्योतिष सांगणार का?

पाटीपेन्सिल

तुमचा ताप केव्हा आला ते सांगणार होतो, पण तुम्ही आधीच फोडलंत. :)

कातडीवैद्य

ताई, घाबरू नका. आम्ही याला बोज लाइन्स म्हणतो. जोसेफ बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४६ साली हे नीट लिहून ठेवलं. टायफॉइड, न्यूमोनिया, डेंगी, कोविड, मोठं ऑपरेशन, केमोथेरपी, कोणत्याही जोरदार आजारानंतर दिसू शकतं.

आधी तुमची शाळकरी शंका, कारण बाकी सगळं तिच्यातच आहे. बाहेर दिसतं ते कडक पान म्हणजे नेल प्लेट. केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने ठासून भरलेल्या, चपट्या झालेल्या मृत पेशींचे एकमेकांना घट्ट चिकटलेले थर. हाताच्या नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, पायाच्या अंगठ्याची त्याहून बरीच जास्त. त्यात ना नस ना रक्तवाहिनी. जिवंत काम चालतं ते मागे, कातडीच्या घडीखाली लपलेल्या मॅट्रिक्समध्ये. नख तिथे तयार होतं, बाकी कुठेही नाही. तिथल्या पेशींचं विभाजन होतं, नव्या पेशी जुन्यांना पुढे आणि वर ढकलतात, जाता जाता त्यांच्यातलं केंद्रक नाहीसं होतं, केराटिन भरतं, त्या मरतात आणि नखाचा भाग होतात. म्हणजे टोक वाढत नसतं, मागून सरकवलं जात असतं.

अंगठ्याच्या मुळाशी फिकट चंद्रकोर दिसते ना, तो मॅट्रिक्सचा उघड्यावर आलेला पुढचा भाग. कातडीखालचा मागचा भाग नखाचे वरचे थर बनवतो, चंद्रकोरीचा भाग खालचे. नखाचा बहुतांश माल मागच्या भागातून येतो, म्हणून मागे इजा झाली की पृष्ठभागावर दिसते.

चंद्रकोरीच्या पुढचा गुलाबी भाग म्हणजे नेल बेड. गुलाबी रंग नखाचा नाही, खालच्या रक्ताचा. नखाच्या टोकावर दाबून सोडा, पांढरं होऊन दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. कॅज्युअल्टीत रक्ताभिसरण बघायला आम्ही हेच करतो. बेडवर बारीक उभ्या सऱ्या असतात आणि नखाच्या खालच्या बाजूला त्यांच्यात बसणाऱ्या रेषा. त्यामुळे नख घट्ट धरलेलं राहतं आणि तरीही पुढे सरकू शकतं. मागच्या बाजूला क्युटिकलची पातळ कातडी आणि टोकाखाली जिथे नख बोट सोडतं तिथली कातडी, ही दोन सीलं. ती फोडली की पाणी आणि जंतू आत. पार्लरमध्ये क्युटिकल कापून घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता खाच. जोराचा ताप आला की शरीर नखासारखी बिनतातडीची कामं मागे टाकतं. मॅट्रिक्सचं काम मंदावतं, काही दिवस जवळजवळ थांबतं. तेवढा पट्टा पातळ निघतो. तब्येत सुधारली की पुन्हा पूर्ण जाडीचं नख सुरू. पातळ पट्टा आपला पुढे सरकत राहतो, तीच तुमची खाच. ती जितकी खोल तितकं काम जास्त बंद पडलेलं, जितकी रुंद तितके जास्त दिवस.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. अंगठ्यावर सहा म्हणजे दोन महिने. शिवाय कातडीखालून खाच बाहेर यायलाच काही आठवडे लागतात, ते मिळवा. पोहोचलात गणपतीपर्यंत. मधल्या बोटाचं नख सगळ्यात वेगाने वाढतं, अंगठा आणि करंगळी मागे, तेही तुमच्या मोजमापात आलंय.

सगळ्या नखांवर एकाच सुमारास खाच असेल तर कारण अख्ख्या शरीराचं. एकाच नखावर असेल तर त्याच बोटाला काहीतरी लागलेलं. औषध काही नाही. नख वाढेल, खाच टोकाला येईल, कापली जाईल. हाताचं पूर्ण नख नवं व्हायला चार ते सहा महिने लागतात.

गुळपोळी

डॉक्टर, हे वाचून मला सोऱ्याची आठवण झाली. पात्याच्या भोकाला कुठे खोट असेल तर शेवेवर लांबीला रेघ येते, आणि दाबणारा हात मधेच थांबला तर शेव तिथे आडवी बारीक होते. माझ्या सासूबाईंच्या नखांवर सगळ्या उभ्या रेघा आहेत. म्हणजे भोकाची खोट?

कातडीवैद्य

हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार. हो, उभी रेघ म्हणजे मॅट्रिक्सच्या एका ठिपक्याचं काम सतत वेगळं चाललंय. वय वाढलं की बारीक उभ्या रेघा बहुतेकांना येतात, त्यात काही नाही. एकाच नखावर खोल उभी चर असेल तर मागे कातडीत छोटी गाठ मॅट्रिक्सवर दाब देतेय का ते बघावं लागतं. आणि अंगठ्याच्या मधोमध एकाखाली एक अशा आडव्या घड्यांची शिडी दिसली, तर तो माणूस मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पहिल्या बोटाने अंगठ्याचं क्युटिकल खरवडतो असं खुशाल समजा.

भर_दुपारी

(अंगठा लपवत) वाचतोय.

आजोळचा_पाहुणा

खाच ठीक आहे, पण पांढरे ठिपके कॅल्शियमचे हे तर माझ्या लहानपणी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच सांगितलं होतं. रोज खडूसारख्या गोळ्या खाल्ल्यात मी.

कातडीवैद्य

तरीही नाही. नखात वजनाच्या हिशोबाने कॅल्शियम नगण्य असतं, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कडकपणा येतो तो केराटिनमधल्या गंधकाच्या दोन अणूंना जोडणाऱ्या बंधांमुळे. पांढरे ठिपके बहुतेक वेळा मॅट्रिक्सला बसलेल्या बारीकसारीक टोल्यांचे. ड्रॉवरमध्ये बोट, टेबलावर टकटक, क्युटिकलशी खेळ. लागतं तेव्हा लक्षात राहत नाही आणि ठिपका वर येईपर्यंत तर विसरूनच जातो. मुलांना जास्त ठिपके का? ती जास्त आपटतात म्हणून.

रक्तात लोह कमी असेल तर मात्र नखं पातळ होऊन मधे खोलगट होतात, पाण्याचा थेंब त्यावर टिकेल इतकी. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासा.

सुगरण_नव्हे

काय हो डॉक्टर, सगळी मजा घालवलीत. आम्ही आकाशात बगळ्यांची माळ दिसली की दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत ओरडायचो, "बगळ्या बगळ्या कवडी दे!" आणि ज्याच्या नखावर पांढरी कवडी उमटली असेल तो दिवसभर भाव खायचा.

कोरा_चेक

आमच्या गल्लीतही हेच. आता कळलं की कवडी बगळ्याने नाही, शाळेच्या बाकाने दिली.

ओली_माती

बायोटिनचं काय मग? बाटली परत करू?

कातडीवैद्य

ठिसूळ नखांसाठी थोडेफार अभ्यास आहेत, पण लहान आणि कच्चे. खाचेसाठी उपयोग शून्य, कारण ती आधीच बनून बाहेर आली आहे. तेल, लसूण, नेल हार्डनर यांचंही तेच. मेलेल्या पानाला वरून काहीही चोळलं तरी मागची वाढ बदलत नाही. तेलाने ओलावा टिकतो आणि नख कमी तडकतं, एवढाच फायदा, तो घ्यावा.

बायोटिनचा एक तोटा मात्र कोणी सांगत नाही. जास्त डोस चालू असेल तर थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिनसारख्या काही रक्त तपासण्या चुकीच्या येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. रक्त देताना लॅबमध्ये सांगत जा.

नखं टोकाला पापुद्र्यासारखी सुटत असतील तर कारण बहुधा घरकाम. दिवसातून दहा वेळा भिजणं आणि सुकणं. भांड्यांना हातमोजे घाला, किंवा भांडी वाटून घ्या.

ओली_माती

शेवटचं वाक्य प्रिंट काढून फ्रिजवर लावलं आहे.

पाटीपेन्सिल

नखाचा वेग मोजायला आजार कशाला पाहिजे? मतदानाची शाई आहे ना. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हैसूर पेंट्सच्या कारखान्यात बनते, १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात. कातडीवरचा डाग पेशी झडतात तसा दोन-तीन आठवड्यांत जातो. नखावरचा जाऊच शकत नाही, नखाबरोबर चालत राहतो.

मुंबईत लोकसभेचं मतदान २० मे २०२४ ला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. बरोबर सहा महिने. आधीची खूण टोकापर्यंत जाऊन कापली गेली, बोट पुन्हा कोरं. सहा आठवड्यांच्या अंतराने मतदान असतं तर मागे स्वच्छ नखाची चार-साडेचार मिलिमीटरची पट्टी आणि पुढे जुनी शाई अशी जोडी दिसली असती.

मेंदीवाली_नाही

मेंदीचंही तसंच. लग्नातली हातावरची पंधरा दिवसांत फिकट, नखांवरची मात्र चार महिने. बहिणीचं लग्न झाल्यापासून माझ्या नखांवर अर्धचंद्र होता. मागून पांढरं नख येत गेलं, केशरी भाग टोकाकडे. ऑफिसमधल्या अमराठी मैत्रिणीला वाटलं फॅशन आहे.

भर_दुपारी

अवांतर: मेंदी किंवा गडद नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर गंडू शकतो असं कोविडमध्ये सांगत होते.

पाटीपेन्सिल

अवांतर नाहीच ते. लाल आणि अवरक्त प्रकाश नख-बोटातून आरपार पाठवून मोजतात. मधे रंग आला की घोळ.

आता मूळ मुद्द्यावर. एका हाताची नखं वाढवण्यात जगात कोण पुढे? आपले पुणेकर. श्रीधर चिल्लाल. १९५२ साली शाळकरी वयात मास्तरांचं वाढवलेलं नख त्यांच्या हातून मोडलं, ओरडा बसला, "तुला त्याची किंमत कळणार नाही" या अर्थाचं काहीतरी ऐकावं लागलं, आणि यांनी डाव्या हाताची नखं कापणंच बंद केलं. ती थेट ११ जुलै २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये कापली, वयाच्या ८२ व्या वर्षी. पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटीमीटर. एकट्या अंगठ्याचं १९७.८.

भागाकार करा. १९७८ मिलिमीटर भागिले ६६ वर्षं, म्हणजे वर्षाला ३० मिलिमीटर, महिन्याला अडीच, दिवसाला ०.०८ च्या आसपास.

याच्या शेजारी दुसरा माणूस ठेवतो. विल्यम बीन, अमेरिकी डॉक्टर. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर महिन्याला अंगठ्याच्या नखावर मुळाशी कानशीने खूण करायची आणि ती टोकाला कधी पोहोचते ते लिहायचं, असं पस्तीस वर्षं केलं. ३२ व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७ व्या वर्षी ०.०९५. हा निबंध १९८० मध्ये छापून आला. एकाने नख वाढवलं, दुसऱ्याने मोजलं, चिकाटी दोघांची सारखीच.

आजोळचा_पाहुणा

पण चिल्लाल यांचा आकडा बीन यांच्या म्हातारपणाच्या आकड्याहूनही कमी कसा?

पाटीपेन्सिल

माझा अंदाज सांगतो. एक तर त्यांचा हिशोब ८२ पर्यंतचा आहे. दुसरं, तो हात वापरातच नव्हता, बोटं कायमची आखडली होती. प्लास्टरमधल्या हाताची नखं हळू वाढतात हे दाखवलं गेलंय, आणि उजव्या हाताने कामं करणाऱ्याच्या उजव्या हाताची नखं किंचित वेगाने वाढतात. शिवाय एवढ्या वर्षांत टोकं झिजली-तुटली असणार ती वेगळी.

गंमत बघा, त्यांचं सर्वांत लांब नख अंगठ्याचं, मधल्या बोटाचं १८६.६ आणि पहिल्या बोटाचं सगळ्यात कमी, १६४.५. वेगात पहिला यायला हवा तो मधला दुसरा आला. अंगठ्याचं नख रुंद, जाड, कमी मोडत असेल. इथे वेगापेक्षा टिकणं कामाला आलं असावं.

कोरा_चेक

छंद म्हणून ठीक, पण एका हाताचं आयुष्य दिलं राव. झोपताना कूस बदलणंसुद्धा मुश्किल असणार. मला कौतुक वाटण्याऐवजी त्या मास्तरांचा राग आला.

सुगरण_नव्हे

+१. बरं, मेल्यावरही नखं वाढतात म्हणे?

कातडीवैद्य

नाही. पेशी विभाजनाला साखर आणि प्राणवायू लागतो, तो बंद. शरीर सुकतं, बोटाची कातडी आक्रसून मागे जाते आणि नखाचा आधी झाकलेला भाग उघडा पडतो. दाढीचंही तसंच.

दोन_पिल्लांची_आई

डॉक्टर, जरा घाईचं आहे. धाकट्याची चार नखं मुळापासून सुटून निघतायत. दुखत नाही म्हणतो. पाळणाघरात दीड महिन्यापूर्वी हँड फूट माउथची साथ होती, त्यालाही तोंडात फोड आले होते.

कातडीवैद्य

तुमचं उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. हे ताईंच्या खाचेचंच मोठं रूप. मॅट्रिक्सचं काम पूर्ण थांबलं, नखात आरपार फट पडली, मागून आलेल्या नव्या नखाने जुनं बाहेर ढकललं. या आजारानंतर एक-दोन महिन्यांनी मुलांमध्ये सर्रास दिसतं. ओढून काढू नका, लोंबणारा तुकडा कापा, गरज वाटली तर पट्टी लावा. नवं नख बहुतेक ठीकच येतं. मात्र बोट लाल, सुजलेलं, ठणकत असेल तर ते नखुरडं, तेव्हा दाखवा.

दोन_पिल्लांची_आई

उचललं तर खाली नवं दिसतंय खरंच! धन्यवाद. मी कालपासून गूगल करून स्वतःला घाबरवत होते.

भर_दुपारी

माझ्या उजव्या अंगठ्यावर मुळापासून टोकापर्यंत एक काळपट उभी पट्टी आहे. कॉलेजपासून. खरवडण्याचा संबंध?

कातडीवैद्य

आपल्या रंगाच्या लोकांत अशा पट्ट्या पुष्कळदा साध्या असतात, दोन-चार नखांवरही असतात. खरवडण्यानेही येऊ शकते. पण एकाच नखावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी, किंवा रंग नखाबाहेर मागच्या कातडीवर उतरलेला असेल तर उशीर न करता त्वचारोगतज्ज्ञ गाठा. क्वचित ती कॅन्सरची सुरुवात असते. तुम्ही कॉलेजपासून म्हणताय, तरी एकदा दाखवून टाका. धाग्यावर फोटो टाकू नका, फोटोवर मी बोलणार नाही.

दारात बोट चेंगरून झालेला काळा डाग वेगळा. तो रक्ताचा असतो आणि नखाबरोबर पुढे सरकतो, मागे स्वच्छ नख येतं. महिनाभराने फोटो काढून ताडून बघा: सरकला तर रक्त, जागचा हलला नाही तर दवाखाना.

शेतावरचा

आमच्याकडे लावणीच्या दिवसांत पायाची नखं पिवळी पडून भुगा होतात. गावात सगळ्यांचीच. मलम लावतो, जात नाही.

कातडीवैद्य

दादा, ती बहुधा बुरशी, पण नुसतं बघून औषध देऊ नये. नखाचा भुगा कॉस्टिक पोटॅशच्या थेंबात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, स्वस्त तपासणी आहे. मलमाने जात नाही कारण ते जाड नखातून खाली उतरतच नाही. गोळ्या रक्तातून मॅट्रिक्स आणि बेडमध्ये जातात, तिथून नव्या नखात. म्हणून हातासाठी दीड महिना, पायासाठी तीन महिने आणि आधी लिव्हरची तपासणी. पायाचं नख महिन्याला एक-दीड मिलिमीटरच सरकतं, अंगठा पूर्ण नवा व्हायला वर्ष-दीड वर्ष. गोळ्या संपल्यावर नख अजून खराब दिसतं म्हणून लोक औषधाला नावं ठेवतात. मुळाशी नवं, स्वच्छ नख येतंय का एवढंच बघायचं.

गुळपोळी

पायाच्या अंगठ्याचं नख कडेने मांसात रुततं त्याचं काय? माझ्या दिरांचं एका दवाखान्यात अख्खं नख उपटून काढलं. वर्षभराने तेच नख, तसंच रुतलेलं. पैसे गेले, दुखणं राहिलं.

कातडीवैद्य

अख्खं काढलं तरी मॅट्रिक्स तिथेच आहे, ते त्याच रुंदीचं नख पुन्हा बनवणार. उपटून प्रश्न सुटत नाही. पुन्हा पुन्हा रुतत असेल तर बोट बधिर करून फक्त कडेची उभी पट्टी काढतात आणि तेवढ्याच कडेच्या मॅट्रिक्सवर फिनॉल लावतात. तो कोपरा पुढे नख बनवत नाही, बाकीचं नख जरा अरुंद होऊन नेहमीसारखं वाढतं. काही आठवडे थोडं पाणी सुटतं, ते अपेक्षित आहे. मधुमेह असेल तर आधी शुगर आणि पायाचं रक्ताभिसरण बघून मगच हात लावायचा.

तोपर्यंत नख सरळ आडवं काढायचं, कोपरे गोल करून आत कोरायचे नाहीत, आणि पुढून निमुळते बूट बंद.

गुळपोळी

दिरांना शुगर आहे. उद्या फोन करून सांगते, आणि ते कोपरे कोरायचं टोकदार हत्यार त्यांच्या डब्यातून मी स्वतःच उचलून आणते.